लाळ नंतर, आधी फुंक मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘दम्याच्या जनुकामुळे मधुमेहाचा धोका’, ‘फुप्फुसाचा आजार आणि हृदयविकार यांचे जनुकीय नाते उघड’ अशा धाटणीच्या बातम्या हल्ली सगळीकडे दिसतात. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते, अर्धी असते. ती वाचून मुंबईतला मुलगा गावातल्या आईसाठी लाळेवरून जनुके तपासण्याचे पाकीट मागवतो. त्या आईच्या फुप्फुसातून किती हवा किती वेळात बाहेर पडते, हे मात्र आयुष्यात एकदाही कोणी मोजलेले नसते. जनुकांच्या आकडेवारीतून खरोखर काय कळते, ती कुठे फसते आणि कोकणात तिचा उपयोग व्हायचा तर आधी काय हाताशी हवे, हे तपशिलाने सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच तर मधे लावावी, शेवटी लावू नये, ही विनंती.

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती झिजण्याचा आजार. जागतिक रोगभार अभ्यासाच्या हिशेबाने भारतात १९९० साली सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ साली ते ५.५३ कोटी झाले. हा रुग्ण एकच आजार घेऊन क्वचितच येतो. त्याच केसपेपरवर रक्तदाब, साखर, हृदयविकार, ठिसूळ हाडे, खचलेले मन यांतले दोन-तीन शब्द असतातच. आता धाप लागणाऱ्या माणसाला साखरही निघाली, तर अर्थ काय लावायचा? फुप्फुसाने साखर वाढवली? की वाढलेल्या वजनाने साखरही आणली आणि दमही? की चाळीस वर्षांच्या विडीने दोन्ही केले? की धाप वाढली म्हणून दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढली? केसपेपरात या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. असे हजारो केसपेपर जमवले तरी गुंता तेवढाच राहतो, फक्त मोठा होतो.

इथे जनुके कामाला येतात, कारण कारणांच्या रांगेत त्यांचा नंबर सर्वांत आधी लागलेला असतो. आईजवळच्या दोन प्रतींपैकी कोणती आणि वडिलांजवळच्या दोनांपैकी कोणती मुलाच्या वाट्याला येणार, याच्या चिठ्ठ्या गर्भधारणेच्या वेळीच पडतात. मेंडेलने वाटाण्यावर दाखवलेला हाच नियम. माणूस पुढे विडी ओढो, चुलीपुढे बसो, त्याला साखर होवो, चिठ्ठी बदलत नाही. म्हणून वजन वाढवणाऱ्या चिठ्ठ्या ज्यांना जास्त मिळाल्या त्यांना दमा जास्त होतो का, असे विचारता येते. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात, इथे ते जन्माआधीच पडलेले असतात. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. लठ्ठपणाकडून दम्याकडे जाणारा रस्ता या पद्धतीने वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा पक्का झाला आहे. उलट दिशेच्या रस्त्याचा पुरावा तितका भरीव मिळालेला नाही. दम्याच्या रुग्णाला ‘वजन उतरवा’ हे सांगण्यामागे आता नुसता अंदाज उरलेला नाही.

पद्धतीचा खरा उपयोग नकार देण्यात आहे, असे आमचे मत. रक्तातले सीआरपी हे सूजदर्शक द्रव्य सीओपीडीतही वाढते आणि हृदयविकारातही. मग फुप्फुसाची सूज सीआरपीच्या वाटेने हृदयाला बाधते, हा तर्क वर्षानुवर्षे चालला. २०११ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा जन्मतः ज्यांचे सीआरपी जास्त त्यांना हृदयविकार जास्त होत नाही असे दिसले. सीआरपी हा धूर निघाला, आग दुसरीकडे होती. पुढच्याच वर्षी सूज पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्याच्या ग्राहकातला (म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनातला) एक बदल हृदयविकार खरोखर कमी करतो हे दिसून आले, म्हणजे आगीचा पत्ता दोन घरे अलीकडे होता. सीआरपी उतरवण्यासाठी औषध शोधण्यात जाणारा पैसा अशा एका उत्तराने वाचतो.

ही पद्धत तीन अटींवर उभी आहे. निवडलेला जनुकीय बदल त्या कारणाला खरोखर हलवणारा हवा. तो बदल जात, गाव, श्रीमंती-गरिबी यांच्याशी जोडलेला नसावा. आणि तिसरी, सर्वांत नाजूक अट ही की त्या बदलाने परिणामापर्यंत पुढच्या दारानेच जावे, मागीलदारी त्याची वाट नसावी. घराला मागीलदार असतेच हे कोकणात कोणाला सांगायला नको. जनुकांनाही ते असते, आणि बहुतेक फसगत तिथेच होते.

उदाहरण पाहू. आल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन फुप्फुसाच्या भिंतींचे रक्षण करते. ते ज्यांच्यात फार कमी असते त्यांना तरुणपणीच फुप्फुसांची झीज होते, हे स्वीडनमध्ये १९६३ साली लक्षात आले. त्याच्या ‘झेड’ प्रकारात ३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसते, प्रथिन वेडेवाकडे दुमडते आणि यकृतातच अडकून राहते. फुप्फुस उघडे पडते, यकृतही खराब होते. आता हा बदल घेऊन कोणी ‘सीओपीडीमुळे यकृताचा आजार होतो का’ असा हिशेब मांडला, तर उत्तर ठणठणीत ‘होय’ येईल आणि ते साफ चुकीचे असेल. फुप्फुसाने यकृताला काहीच केलेले नाही. एकाच बदलाच्या दोन वाटा आहेत.

दुसरे उदाहरण आपल्याकडे अधिक लागू. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनच्या ग्राहकांची जनुके शेजारी शेजारी आहेत. त्यातली आरएस१६९६९९६८ ही जागा (जागा म्हणजे डीएनएतले एक अक्षर माणसागणिक बदलते ते ठिकाण) सीओपीडीशी ठळकपणे जोडलेली दिसते. पण तिथले ‘ए’ अक्षर ज्याच्याकडे आहे तो, धूम्रपान करणारा असेल तर, प्रत्येक प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त ओढतो. म्हणजे सीओपीडीच्या यादीत हे जनुक घुसते ते मुख्यतः सिगारेटच्या दाराने, आणि सिगारेट तर हृदयालाही नडते. ही जागा यादीत तशीच ठेवून ‘सीओपीडीमुळे हृदयविकार’ असा निष्कर्ष काढला, तर तो धूम्रपानाचा निष्कर्ष नाव बदलून आलेला असतो. वेंगुर्ल्याच्या एखाद्या खेड्यात कधीच विडी न ओढलेली, सकाळी मिश्री लावणारी, पस्तीस वर्षे चुलीपुढे बसलेली बाई धापेने येते. तिच्या बाबतीत सिगारेटचे दार बंदच आहे. परदेशी धूम्रपान करणाऱ्यांच्या आकड्यांवर बेतलेला जनुकीय धोक्याचा गुणांक तिला लावून काय हाती येणार?

फुप्फुसे जाड-चरबट होण्याचा जो आजार, ज्याला डॉक्टर आयपीएफ म्हणतात, त्यात तर एकच जागा सगळा हिशेब फिरवते. एमयूसी५बी या जनुकाच्या पुढ्यातल्या एका जागी ‘टी’ अक्षर असले की आयपीएफचा धोका बराच वाढतो, हे २०११ साली कळले. कोव्हिडच्या काळात आयपीएफची जनुके आणि तीव्र कोव्हिड यांचा संबंध पाहिला गेला. बाकीच्या जागा एका बाजूला ओढत होत्या, कोव्हिडचा धोका वाढवत होत्या. ही एकटी जागा मात्र उलट, संरक्षण देणारी निघाली. सरासरी काढून मोकळे झालेल्याला ‘काही संबंध नाही’ असेच वाटले असते. म्हणून एकेक जागा वगळून हिशेब पुन्हा करणे ही औपचारिकता समजू नये.

आणि उंची. फुप्फुस किती मोठे हे माणूस किती उंच यावर ठरते, त्यामुळे एका सेकंदात किती लिटर हवा सुटते या मापाच्या जनुकांत उंचीची जनुके मिसळलेली असतात. उंचीची जनुके जास्त असलेल्यांना हृदयधमन्यांचा विकार कमी होतो, हेही दिसलेले आहे. उंची बाजूला न काढता ‘चांगले फुप्फुस हृदयाला वाचवते’ म्हणणे म्हणजे उंच माणसाच्या सावलीला फुप्फुस म्हणणे झाले. एका सेकंदातली हवा भागिले एकूण हवा हे गुणोत्तर घेतले तर उंचीचा घोळ पुष्कळ कमी होतो.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते. बहुतेक अभ्यासांत नवे रक्त घेतलेलेच नसते. एका मोठ्या अभ्यासातली फुप्फुसाच्या जनुकांची यादी आणि दुसऱ्या अभ्यासातली, समजा, मधुमेहाची यादी संगणकावर शेजारी ठेवून हिशेब होतो. फुप्फुसाच्या क्षमतेवरचा २०२३ सालचा सर्वांत मोठा अभ्यास ५,८०,८६९ लोकांचा होता आणि त्यात १,०२० स्वतंत्र जागा मिळाल्या. अशा यादीतून निव्वळ योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असलेल्या जागा घ्यायच्या. इतकी कडक रेघ का, तर लाखो जागा एकदम तपासल्या की पाच टक्क्यांच्या नेहमीच्या रेघेवर हजारो खोट्या जागा पकडल्या जातात. मग शेजारच्या जागा गाळायच्या, कारण गुणसूत्रावर जवळ असलेले बदल एकाच होडीत बसून पिढ्या ओलांडतात आणि त्यांना वेगवेगळे मोजले तर एकच पुरावा दहादा मोजला जातो. कोण कोणाबरोबर प्रवास करतो हे दाखवणारा संदर्भसंच त्याच लोकसमूहाचा लागतो. युरोपीय संच लावून दक्षिण आशियाई यादी गाळली तर चुकीचे बदल गळतात आणि चुकीचे राहतात.

पुढची पायरी दिसायला कारकुनी, आणि घात होतो तो तिथेच. समजा एका जागेवर पहिल्या यादीत ‘ए’ अक्षर धरून फुप्फुसावरचा परिणाम ०.१० लिहिला आहे. दुसऱ्या यादीत तीच जागा, पण ‘जी’ अक्षर धरून साखरेवरचा परिणाम उणे ०.०२ आहे. अक्षर सारखे करून घेतले की उणे ०.०२ चे अधिक ०.०२ होते आणि भागाकार ०.२ येतो. न पाहता भागले तर उणे ०.२. तारक ते मारक आणि मारक ते तारक, एका चिन्हाने. ‘ए’ला ‘टी’ किंवा ‘सी’ला ‘जी’ जोडीदार असेल तर अजून कठीण, कारण डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला हे अक्षरांवरून कळतच नाही. अशा जागा, विशेषतः दोन्ही अक्षरे लोकांत निम्मी-निम्मी असतील तेव्हा, सोडून दिलेल्या बऱ्या. शिवाय जुन्या यादीत गुणसूत्राचे पत्ते ३७ व्या आवृत्तीचे असतात, नव्यात ३८ व्या. आवृत्ती न पाहता पत्ता जुळवला की शेजाऱ्याचे पत्र आपल्या पेटीत येते.

प्रत्येक जागेची ताकदही पाहावी लागते. परिणामाला त्याच्या प्रमाणित त्रुटीने भागून वर्ग केला की येणारा आकडा दहाच्या खाली असेल तर ती जागा कच्ची. दोन्ही याद्या वेगवेगळ्या लोकांच्या असतील तर कच्च्या जागा उत्तर शून्याकडे ओढतात. त्याच लोकांच्या असतील तर उलट जुन्या, गुंतलेल्या उत्तराकडे ओढतात. ब्रिटनच्या बायोबँकेतूनच (लाखो लोकांचे रक्त आणि आरोग्याच्या नोंदी जपणाऱ्या संग्रहातूनच) दोन्ही याद्या घेतलेले शोधनिबंध ढिगाने आहेत, तेव्हा वाचताना हे एवढे तरी तपासावे. शेवटी मागीलदार उघडे आहे का ते पाहण्यासाठी वेगवेगळ्या रीतींनी हिशेब पुन्हा करतात: एगरची रीत, भारित मध्यक, एकेक जागा वगळून. सगळ्यांचे उत्तर एका दिशेने आले तर विश्वास थोडा वाढतो. एकाच रीतीने ‘होय’ म्हटले आणि निबंधाच्या सारांशात फक्त तेवढेच छापले, तर बातमी त्याचीच होते.

एक बारकी गोष्ट तज्ज्ञांकडूनही निसटते. सगळे व्यवस्थित करून ‘सीओपीडीकडून मधुमेहाकडे’ असे उत्तर आले, तरी रस्त्यात कोण भेटले ते पद्धत सांगत नाही. सीओपीडी झाला म्हणून धाप वाढली, म्हणून प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस मिळाले, असे वर्षात चार वेळा झाले आणि साखर चढली, तर हिशेबाच्या दृष्टीने ते सीओपीडीचेच फळ. रोग दोषी की गोळी, हे औषधांच्या नोंदीवरून ठरते. आणि गावातला रुग्ण तीन ठिकाणी जातो, त्यातल्या दोन ठिकाणी चिठ्ठीवर औषधाचे नावच नसते, पुडी असते.

कोकणाकडे वळू. ब्रिटिश बायोबँकेत २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे सुमारे ५ लाख लोक आले. सुमारे ९२ लाखांना बोलावणे गेले होते, त्यातले ५.५ टक्के आले. जे आले ते सरासरीपेक्षा निरोगी, कमी धूम्रपान करणारे, बऱ्या परिस्थितीतले. दक्षिण आशियाई वंशाचे त्यात दोन टक्क्यांच्या आसपास. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ होती, म्हणजे एवढ्या एका संग्रहात आपला अर्ध्याहून अधिक जिल्हा मावेल. सीओपीडीच्या ८२ जागा शोधणाऱ्या २०१९ सालच्या अभ्यासाला ३५,७३५ रुग्ण आणि २,२२,०७६ तुलनेचे लोक लागले होते. पाचशे रुग्णांचे रक्त घेऊन ‘कोकणी सीओपीडीचे जनुक’ शोधू म्हणणाऱ्यांना हा हिशेब विचारावा. पाचशे रुग्णांत नवे जनुक सापडणार नाही. आधी माहीत असलेले जनुक इथे तसेच वागते का, याचा अंदाज फार तर येईल.

जिनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुला झाला. ही मोठी गोष्ट आहे, वर सांगितलेला संदर्भसंच आता आपला असू शकतो. पण त्यातले लोक निरोगी म्हणून निवडलेले आहेत. कोणते अक्षर आपल्यात किती आढळते ते त्यातून कळते, कोणत्या अक्षराने धाप लागते ते कळत नाही.

आपल्याकडे दुसरी अटही पटकन मोडते. पिढ्यान् पिढ्या जातीतल्या जातीत, बहुतेकदा ठरावीक गावांतच सोयरिकी झाल्यामुळे प्रत्येक समाजाच्या जनुकांची ठेवण थोडी वेगळी आहे. दक्षिण आशियातल्या २६३ समाजांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८१ समाजांमध्ये मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. आता समजा, रुग्ण घेतले बंदरावरच्या मच्छीमार वस्तीतून आणि तुलनेचे निरोगी घेतले बाजारपेठेतल्या दुकानदारांतून. शेकडो जागांवर फरक दिसेल. तो आजाराचा नसेल, वस्तीचा असेल. रुग्ण आणि तुलनेचा माणूस एकाच वाडीतून, वयाने जवळचे घेणे हा यावर साधा उपाय. वर संगणकावर पूर्वजांचे घटक आणि नातेसंबंध काढून वजा करावे लागतात ते निराळे. ‘आम्ही नात्यात नाही’ हे तोंडी उत्तर कोकणात धरून चालू नये.

पण खरी उणीव जनुकांच्या बाजूला नाहीच. ती आजार मोजण्याच्या आणि धूर-धूळ लिहून ठेवण्याच्या बाजूला आहे. खोकला आणि धाप ऐकून ‘सीओपीडी’ लिहिलेल्या रुग्णांत दमा असतो, हृदय कमकुवत झालेले असते, आणि बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण असतात. क्षयानंतरची अरुंद नळी आणि चुलीच्या धुराने अरुंद झालेली नळी यांची मुळे वेगळी. दोघांना एकच शिक्का मारला की कोणतेही जनुक दोन्हींशी नीट जुळत नाही.

म्हणून स्पायरोमीटर, म्हणजे फुंक मोजणारे यंत्र. यंत्र फार महाग नाही, मोजणारा माणूस दुर्मीळ आहे. रोज सकाळी तीन लिटरच्या पिचकारीने तपासावे. आकडा २.९१ ते ३.०९ च्या बाहेर गेला तर त्या दिवशी कोणाची मोजणी करू नये. खोलीचे तापमान भरावे, कारण छातीतून आलेली ३७ अंशांची हवा बाहेर आक्रसते आणि यंत्र ती भर तापमानावरून घालते. पावसाळ्यात जाळीवर ओल आणि कफ बसला की आकडे सरकतात. रुग्णाला बसवावे, नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती गच्च, भरपूर श्वास, आणि मग जोराने, न थांबता, निदान सहा सेकंद फुंक. तीन चांगल्या फुंका हव्यात आणि पहिल्या दोन नंबरांच्या फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त तफावत नको. मग स्पेसरमधून (फवाऱ्याला जोडायच्या पोकळ नळीतून) श्वासनळ्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार फवारे, पंधरा मिनिटे घड्याळ लावून थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले तर अडथळा कायमचा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला किंवा थुंकीत क्षयाचे जंतू असलेल्याला फुंकायला लावू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती फुंक लवकर सोडण्यात. समजा एका बाईची पहिल्या सेकंदात १.२ लिटर हवा सुटते आणि पूर्ण रिकामे होईपर्यंत २.० लिटर. गुणोत्तर ०.६०, आजार आहे. तिला तिसऱ्या सेकंदाला खोकला आला, मोजणाऱ्याने ‘बस झाले’ म्हटले, एकूण भरली १.६ लिटर. गुणोत्तर ०.७५, आजार नाही. तीच बाई, तीच छाती, आणि ती निरोगी गटात गेली. अशा शंभरांतल्या दहा जणी चुकल्या की वर सांगितलेली सगळी जनुकांची गणिते पाण्यात.

सोबतच्या आजारांचेही तसेच. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लोहाच्या कमतरतेत खोटी वर जाते आणि थॅलेसेमियाची एक प्रत असली तरी डळमळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय होता. तेव्हा महिलांमध्ये नुसत्या एचबीए१सीवर ‘मधुमेह’ लिहू नये. हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर जोडीला हवीच.

आणि धूर. सर्वेक्षणात विचारतात, ‘गॅस आहे का?’ उत्तर येते, ‘आहे.’ खूण होते ‘स्वच्छ इंधन’. पण त्याच घरात न्हाणीचे पाणी लाकडावर तापते, पेजेसाठीचे भात मोठ्या भांड्यात बाहेर उकडतात, काजूच्या बिया भाजतात, आणि पावसात ओले लाकूड पेटेपर्यंत चुलीवर झावळ्या आणि सोडणे जातात. म्हणून प्रश्न असा हवा: दिवसाकाठी कोणत्याही जाळापुढे किती तास, आणि अशी किती वर्षे? चार तास आणि तीस वर्षे म्हणजे १२० तास-वर्षे. विडीचेही तसेच, दिवसाच्या विड्या गुणिले वर्षे. मिश्री वेगळी लिहावी, ती धुरात येत नाही पण निकोटिनात येते. कामाचा रकाना ‘मजुरी’ असा भरू नये. चिरेखाण, खडी क्रशर, कासार्डे परिसरातली सिलिका वाळू, काजू भाजणीची भट्टी, कोळंबी सोलण्याची शेड, मुंबईची कापड गिरणी यांतले काय आणि किती वर्षे, हे लिहावे. सिलिकाच्या धुळीने क्षयाचाही धोका वाढतो. गिरणीतून गावी परतलेल्याच्या छातीत कापसाची धूळ असते, आणि मालवणचा डॉक्टर तिची चौकशी करीत नाही कारण मालवणात गिरणी नाही.

हे होण्यासारखे आहे. डेरवणच्या ग्रामीण रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास याच कोकणात उभा केला आहे. आमची मागणी त्याहून लहान. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक स्पायरोमीटर आणि त्यावर सहा महिने हात बसलेला एक तंत्रज्ञ असावा. छातीच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरला धूर-धूळ-औषधांचे एक पान जोडलेले असावे. जे संमती देतील त्यांचे जांभळ्या टोपणाच्या नळीत पाच मिलिलिटर रक्त जपून ठेवावे. डीएनए नंतर काढता येतो, दहा वर्षांनीही. आज न मोजलेली फुंक दहा वर्षांनी मोजता येत नाही. अशी पाच-सहा हजार माणसे नीट नोंदली गेली, तर देशातल्या इतर संग्रहांशी जोडून चुलीच्या धुराचा सीओपीडी आणि सिगारेटचा सीओपीडी हृदयाला सारखेच नडतात का, हा प्रश्न विचारता येईल. जगातल्या मोठ्या याद्यांतून त्याचे उत्तर निघत नाही, कारण त्यांत चूल नाही.

संमतीपत्र मराठीत असावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: रक्त कुठे राहणार, माहिती राज्याबाहेर किंवा देशाबाहेर कोणाला जाणार, नंतर नाव काढून घेता येते का, आणि भावंडांना धोका असल्याचे काही निघाले तर ते कळवणार की नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक नमुन्यांत नसतो. अंगठा घेण्याआधी हे वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतात, ती शिबिराच्या वेळापत्रकात धरावीत. विमा कंपनीला निष्कर्ष मिळणार नाहीत, हेही लिहून द्यावे.

शिबिर जून ते सप्टेंबर घेऊ नये. वीज जाते, रक्ताच्या पेट्या तापतात, यंत्राच्या जाळीवर ओल धरते आणि लावणीच्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही. भातकापणी आटोपल्यावर, काजूचा हंगाम लागायच्या आत, गावची जत्रा टाळून डिसेंबर-जानेवारीचे सहा-सात आठवडे बरे. सर्दी-तापातून उठलेल्याला महिनाभराने बोलवावे.

आपले,
श्वसनविकार आणि वैद्यकीय संख्याशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
जि. सिंधुदुर्ग